हायड्रावरचा तारणवीर

माझ्या बहिणीचा नवरा सुपरहीरो आहे. हे मी कौतुकाने नाही, तक्रार म्हणून सांगतो आहे.

तक्रार कोणाकडे करावी हे मात्र कळत नाही, कारण त्याला सुपरहीरो मीच बनवला. मी घुग्घुसच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे वर्षभर मुलांकडून पेरू, घागर आणि उगवता सूर्य काढून घेतो. (आमच्याकडे सूर्य सिमेंटच्या धुळीतून उगवतो, त्यामुळे मुलं तो राखाडी रंगवतात आणि मी मार्क कापत नाही.) रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. लग्न केलेलं नाही. घरी मी आणि आई. धाकटी बहीण रूथ गावातच दिली आहे, आमच्या घरामागच्या गल्लीत. तिचा नवरा पौलस कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. म्हणजे चालवत होता.

सगळी सुरुवात संडे स्कूलमध्ये झाली. एका रविवारी मी प्रभूचे चमत्कार अगदी जीव ओतून सांगत होतो. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, प्रभू उडते का?"

"उडायची गरज नव्हती त्याला. तो पाण्यावरून चालला!"

"चालते तं सगळेच. उडते का?"

मागून कोणीतरी विचारलं, "त्याच्या डोयातून आग निंगते का सर?"

"नाही."

"मंग वाईट लोकाइले मारते कायनं?"

"मारत नाही. क्षमा करतो."

वर्गात अशी शांतता पसरली, जशी आपला गडी पहिल्याच चेंडूवर आऊट झाल्यावर पसरते. त्या मुलांच्या डोळ्यांत प्रभूबद्दल कीव होती. मला ती सहन झाली नाही.

पण घरी येताना मी विचार करत राहिलो. या पोरांचे बाप पाळीवर, आया कामावर, दारासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक. एवढ्या धुरळ्यात वरून कोणीतरी आपल्याकडे बघतं आहे, आपलं नाव त्याला ठाऊक आहे, आणि वेळ आली की तो सगळी कामं टाकून खाली येईल, हे कोणाला नको आहे? मला तर चाळिशी उलटल्यावरही हवं होतं. मी इतकी वर्षं तेच शिकवत होतो, फक्त पाठीवर झगा न घालता. मुलांना झगा हवा होता. ठीक आहे, म्हटलं, झगा देऊ!

अशा रीतीने 'तारणवीर' जन्माला आला. दिवसा खाणीत काम करणारा साधा माणूस. कोणी संकटात सापडलं की तो गुडघे टेकून प्रार्थना करतो, पाठीवर लाल झगा येतो आणि तो उडतो. त्याची ताकद वरून आलेली, त्यामुळे त्याचं दुबळेपणही मी तसंच ठेवलं: 'हे मी केलं' असं एकदा जरी तो म्हणाला, तरी धाडकन खाली पडणार. मला स्वतःलाच ही कल्पना इतकी आवडली की मी आरशात बघून मान डोलावली.

चर्चच्या कमिटीला मात्र आधी दाखवावं लागलं. कमिटी म्हणजे पाळकसाहेब आणि चार वडीलधारी मंडळी.

"याची चड्डी वरून काऊन हाय?" पहिला प्रश्न.

"सगळ्या सुपरहीरोंची तशीच असते."

"आपल्या चर्चमधी नसते. पायजमा घाला त्याले."

घातला.

"मिशा नाईत. बाई वाटून राह्यला."

लावल्या.

"लगन झालं का याचं? एकटा माणूस उडत उडत लोकाइच्या घरात शिरते. बरं दिसते का?"

पाळकसाहेबांनी बराच विचार करून तोडगा काढला. "तारणवीर घरात शिरण्यापूर्वी दाराची कडी वाजवेल."

त्यामुळे आमच्या पुस्तकात घराला आग लागलेली आहे, आतून बाई किंचाळते आहे, आणि दारात पायजमा घातलेला, मिशाळ तारणवीर कडी वाजवून विचारतो आहे, "येऊ का आत?" तरीही मी काम सोडलं नाही, यावरून माझी श्रद्धा किती खोल होती ते कळेल.

आता चित्रासाठी अंगापिंडाने दणकट माणूस समोर हवा होता. माझ्या ओळखीचे बाकी सगळे चित्रकला शिक्षक. राहिला पौलस. छाती दारात आडवी बसेल अशी. दंडावर डंपरचं स्टिअरिंग फिरवून आलेले गोळे. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, जेवण भरपूर. मी त्याला आमच्या अंगणात स्टुलावर पालथं झोपवलं, हात पुढे करायला लावले आणि आईची लाल चादर पाठीवर बांधली.

"भाऊजी, आता उडा."

"कसं उडू भाऊ? पोट दबून राह्यलं."

"चेहऱ्यावर करुणा आणा."

"म्हंजे कसं?"

"एखादं लेकरू विहिरीत पडलंय असं समजा."

त्याने समजून घेतलं. चेहरा असा झाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय करून राह्यला रे जवाईबुवाले? जीव घेतं का त्यायचा?" आणि तिने त्याला स्टुलावरच, उडत्या अवस्थेत, वाटीभर शिरा भरवला. आमच्या घरी जावयाचा मान इतका आहे की तो हवेत असला तरी पाहुणचार चुकत नाही. सख्ख्या मुलाने रिकामी वाटी पुढे केली तेव्हा शिरा संपला होता.

पुस्तक छापून आलं. मुलं वेडी झाली! पण चित्रांखालचा मजकूर कोणी वाचला नाही, आणि चित्रकाराचं नाव तर नाहीच नाही. ती फक्त मुखपृष्ठाकडे बघत आणि ओरडत, "हा तं पौलसमामा हाय!" चर्चमधून बाहेर पडला की पोरं त्याला घेरायची. कोणी दंड चाचपायचं, कोणी म्हणायचं, "मामा, उडून दाखवा ना." पहिले काही दिवस तो लाजला. मग त्याने लाजणं सोडलं. मग त्याने रूथकडून झगा शिवून घेतला.

रूथ घरी शिलाई करते. तिला वाटलं, नाटकबिटकासाठी असेल. पौलस तो झगा शर्टाच्या आत घडी करून घालू लागला. "कधी गरज पडन सांगता येत नाई," म्हणायचा. आणि गरज पडू लागली! चिखलात फसलेली एसटी ढकलायला पहिला तो. नाल्यात अडकलेलं वासरू खांद्यावर घेऊन वर आला तो. ट्रकाखाली गेलेली कोणाची सायकल ओढून काढली त्याने. प्रत्येक वेळी आधी शर्टाची बटणं उघडून झगा काढायचा, पाठीवर बांधायचा, गुडघे टेकायचे, मग कामाला लागायचं. (वासरू त्या वेळात आणखी थोडं बुडालं होतं, पण ते कोणाला सांगणार!) खरं सांगायचं तर त्याने चांगलीच कामं केली. तक्रारीला जागा नव्हती, हीच माझी पहिली तक्रार.

मग त्याने ड्युटीवर जाणं बंद केलं.

रूथ घरी आली तेव्हा मी पुढच्या अंकाची चित्रं काढत होतो. तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"दादा, त्याले समजाव. म्हणते, मी खाणीत उतरलो आन इथी कोणाले गरज पडली तं? दिवसभर चौकात उभा राह्यते. कोणी संकटात येते का पाहून राह्यते."

"लोकांची सेवा करतोय बिचारा."

"सेवा? घरचा सिलेंडर म्या वढत आणून राह्यली होती. तं हा म्हणते, थांब, झगा घालून येतो. येईपर्यंत माही भाजी चुलीवर शिजून बी गेली."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोलू नको. तुह्या चित्रातनंच बिघडला, चित्रातनंच सुधरव."

बोलणं बरोबर होतं. मी दुसऱ्या अंकात तारणवीराला गर्व झालेला दाखवला. भर बाजारात तो म्हणतो, "हे मी केलं!" आणि धाडकन टमाट्याच्या ढिगावर आपटतो. चार पानं टमाट्यात घातली होती. अंक घेऊन मी पौलसकडे गेलो. त्याने शांतपणे वाचला, मिटला आणि म्हणाला, "भाऊ, हे काई खरं नाई."

"का?"

"म्या म्हणून पाह्यलं. काल म्हणलं, परवा म्हणलं. एसटी मी काढली, वासरू मी काढलं. काईच नाई झालं. पडलो नाई का काई नाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्हाले माह्या ताकदीचा अंदाजच नाई आला."

माझ्याच पात्राने मला खोटं पाडलं! आजवर असं कोणाचं झालं असेल तर त्याने मला येऊन भेटावं, आपण दोघं मिळून रडू.

यानंतर जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, म्हणून मीही तेवढ्यापुरतं नेणार नाही. आमच्या संडे स्कूलमधल्या एका मुलीची मावशी सावली गावाच्या पलीकडे, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात अंगणवाडीवर आहे. तिच्याबरोबर पुस्तक तिकडे गेलं. आणि एक दिवस दुपारी त्या गावातला एक गोंड माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन, बस बदलत बदलत, आमच्या दारात आला. म्हातारी तापाने फणफणली होती, अंग थडथड उडत होतं. माणसाच्या हातात आमचं पुस्तक होतं, घामाने ओलं झालेलं.

"हा कुठी राह्यते जी?" त्याने मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही आमच्या धर्मातले आहात का?"

"नाई जी. आमचे देव हायेत आमच्यापाशी. त्यायले विचारूनच निंगालो."

"अहो, पण हे नुसतं चित्र आहे. मी काढलंय. खरं नाही ते."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "चित्र हाय, ते समजते जी मले. पण काढाच्या आधी तुम्ही कोणाले तरी पाह्यलं असन ना?"

मी म्हातारीसाठी पाणी आणायला वळलो.

तेवढ्यात रूथ पौलसला घेऊन आली. चौकात कोणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण झगा आधीच पाठीवर होता. त्याने म्हातारीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले. गल्ली गोळा झाली. मी जवळच होतो. ओठ न हलवता तो मला म्हणाला, "भाऊ, म्हातारी जयून राह्यली. काय करू?"

"दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

पुढच्या क्षणी त्याने म्हातारीला उचलून खांद्यावर घेतलं आणि धूम ठोकली. रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, ऑटो जागचा हलत नव्हता. त्या रांगेच्या कडेने तो पळत होता, मागे झगा, त्याच्या मागे तिचा मुलगा, त्याच्या मागे रूथ, आणि सगळ्यात शेवटी मी, कमरेत उसण भरलेला. कबूल करतो, त्या दुपारी तो खरोखर उडत होता. मी काढला होता त्यापेक्षा चांगला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी म्हातारीला तपासलं, सुई दिली, सलाइन लावली. "मलेरिया आहे. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं." मग पौलसकडे पाहून मला विचारलं, "हे कोण?"

"माझे मेहुणे."

"यांनाही दाखवायचंय का?"

म्हातारी बरी होऊन घरी गेली. पण ती बरी कशामुळे झाली, यावर घुग्घुसमध्ये दोन मतं नव्हती. डॉक्टरबाईंना कोणीतरी सांगितलं की तारणवीराने हात ठेवला म्हणून ताप उतरला. त्या म्हणाल्या, "असेल बाबा. सलाइन मी शोभेसाठी लावली होती." आणि म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "लाल कपडा डोयावर येत होता, मले काईच दिसलं नाई." हेही लोकांना फार गूढ वाटलं!

आता तर रूथच्या दारात माणसं बसून राहू लागली. चर्चने ठरवलं, संडे स्कूलच्या संमेलनात तारणवीराचा जाहीर सत्कार करायचा. बॅनर छापला. त्यावर पौलसचा भला मोठा फोटो, पाळकसाहेबांचा मध्यम फोटो, आणि चित्रकाराचं नाव? मी बॅनर उलटा करूनही पाहिला. नव्हतं.

म्हणून मी पाळकसाहेबांकडे जाऊन म्हणालो, "साहेब, तारणवीराला व्यासपीठावर नुसतं चालत आणण्यात काय मजा? त्याला वरून आणू! आकाशातून!" अट एकच: बॅनरच्या तळाशी 'उड्डाण संकल्पना' असं लिहून पुढे माझं नाव. पाळकसाहेबांनी ताबडतोब होकार दिला. मोठ्या दुर्घटनांना परवानगी नेहमी अशीच चटकन मिळते.

आमच्या शेजारचे भीमरावभाऊ सिमेंट कारखान्यात हायड्रा चालवतात. हायड्रा म्हणजे चार चाकांची क्रेन. पुढे लांब दांडा, त्याला आकडा. "भाऊ, एक माणूस उचलून व्यासपीठावर ठेवायचा आहे," मी म्हटलं.

भीमरावभाऊ हसले. "ठेवून देऊ. तुमच्याइथी माणसं उडतेत हे बरं हाय. आमच्याइथी बुद्ध पायीच फिरले जी, म्हणून आम्हाले गुडघेदुखी."

संमेलनाच्या दिवशी चर्चच्या आवारात मंडप भरला. हायड्रा मागच्या भिंतीपलीकडे लपवला होता. पौलसने खाणीतला जुना सेफ्टी बेल्ट लावला, वरून झगा, कॉलरला माइक. मी आकडा पाठीत अडकवला. "भाऊजी, करुणा विसरू नका."

मुलांनी गाणं सुरू केलं आणि तारणवीर भिंतीवरून वर आला! मंडपातून अशी आरोळी उठली की माझे डोळे भरून आले. मी बॅनरच्या तळाकडे नजर टाकली. माझं नाव खुर्च्यांमुळे झाकलं गेलं होतं. तेवढ्यात हायड्राचं इंजिन घरघरलं, खोकलं आणि बंद पडलं.

पौलस व्यासपीठाच्या वर, मधोमध, लटकत राहिला. वारा आला तसा झगा उलटून तोंडावर गेला. मग तो हळूहळू गोल फिरू लागला. गाणं संपलं. मुलांनी पुन्हा सुरू केलं. तेही संपलं.

"भाऊ," माइकमधून आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही! फिरत राहा!" मी खालून ओरडलो.

"मले मळमळून राह्यलं."

"करुणा! करुणा!"

"करुणा गेली खड्ड्यात! उतरवा मले! साल्या, तूनंच मले कागदावर चढवलं, आता तूच उतरव!" (नात्याने ते बरोबर होतं, त्यामुळे 'साल्या'बद्दल तक्रारही करता येईना!)

पाळकसाहेब माझ्या कानात म्हणाले, "माइक बंद करा." मी म्हटलं, "माइक वर आहे."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने रूथ उठली. पदर खोचला, व्यासपीठावर चढली आणि नवऱ्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.

"उतराचं हाय का?"

"हाव रूथ. सांग ना त्यायले."

"पयले सांगा, ड्युटीवर जाल का?"

वर फिरणं चालू.

"जाल का नाई?"

"रूथ, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. जाल का?"

"मंग लोकाइचं कसं होईन? कोणाले गरज पडली तं?"

"लोकाइले दवाखाना हाय, पोलीस हाय, चर्च हाय," रूथचा आवाज चिरकला, "मले कोण हाय?"

आई पदराने डोळे पुसत होती. मी जमिनीकडे पाहत होतो, कारण दुसरीकडे कुठे पाहायची सोय नव्हती. झग्याच्या आतून, माइकमधून, एक मोठा सुस्कारा साऱ्या आवारात घुमला.

"जातो," पौलस म्हणाला. "उद्यापासून जातो."

मागच्या ओळीतून कोणीतरी "आमेन" म्हटलं.

रूथ बाजूला झाली. माझी बहीण वाचली होती, संसार वाचला होता, आणि त्याचं थोडंफार श्रेय उड्डाण संकल्पनेला जात होतं! मी आनंदाने पुढे झालो, पौलसचं फिरणं थांबवावं म्हणून त्याचा पाय धरायला हात वर केले. त्याच क्षणी भीमरावभाऊंचं इंजिन सुरू झालं. दांड्याला हिसका बसला. खाणीतल्या जुन्या बेल्टचं बक्कल उघडलं.

आणि तारणवीर अवतरला. माझ्यावर.

मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी आडवा होतो, माझा पाय माझ्या ओळखीच्या दिशेला नव्हता, आणि माझ्या पोटावर उभं राहून पौलस लोकांना हात दाखवत होता. "खरचटलं बी नाई!" तो म्हणाला. माइक अजून चालू होता. "चमत्कार!" बायका रडू लागल्या. पाळकसाहेबांनी जागच्या जागी उपकारस्तुतीची प्रार्थना घेतली. ती बरीच लांबली. मी त्या प्रार्थनेच्या खालीच होतो. अखेर भीमरावभाऊंनीच मला उचलून ऑटोत घातलं. डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. "आज तुमचा नंबर का?" म्हणाल्या आणि प्लास्टर घातलं.

पौलस ड्युटीवर गेला नाही. सत्कारानंतर भेटायला आला तेव्हा मी त्याला आठवण करून दिली, "भाऊजी, सगळ्या मंडळीसमोर शब्द दिला होता."

त्याने शांतपणे माझ्यासाठी आणलेल्या केळ्यांतलं एक सोललं. "भाऊ, हवेत देलेला शब्द जमिनीवर नाई चालत."

कमिटीची बैठक झाली. मला न्यायला कोणी आलं नाही, निर्णय मात्र घरपोच आला. उडणाऱ्या माणसांची चित्रं काढून मी मुलांची दिशाभूल केली, म्हणून संडे स्कूल माझ्याकडून काढून घेतलं. ते आता पौलस घेतो. मुलं एक रविवार चुकवत नाहीत.

रूथ बरेच दिवस आली नाही. मग एका दुपारी आली, माझ्या प्लास्टरकडे बघत बसली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच. तू खाली गेला कायले? तू नसता तं त्याचं एखादं हाड मोडलं असतं. दोन महिने घरी बसला असता, टाळकं ठिकाणावर आलं असतं. पण तुले मधात येवाची सवयच हाय."

"आणि तू? कसं चाललंय?"

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. पिशवीतून लाल कापड बाहेर आलं होतं. "झगे शिवून राह्यली. गावातल्या साऱ्या पोराइले पाह्यजेत. ज्याच्यानं घर बुडालं त्याच्यावरच चालून राह्यलं, पाह्य." ती हसली. मला ते हसू सहन झालं नाही. त्यानंतर ती सणालाही आली नाही. आई जाते तिच्याकडे, डबा घेऊन. जावयासाठी.

परवा तारणवीराचा तिसरा अंक निघाला. आता चित्रं नागपूरचा कोणी माणूस संगणकावर काढतो. मिशा काढून टाकल्या आहेत. कडी वाजवणंही बंद. शेवटच्या पानावर संमेलनाचा प्रसंग आहे: तारणवीर आकाशातून सुखरूप उतरतो, लोक हात जोडून उभे. मी चष्मा लावून साऱ्या पानावर स्वतःला शोधलं. व्यासपीठावर मी नाही. गर्दीत नाही. तारणवीराच्या पायाखाली तर एक जाडजूड गादी काढली आहे, तिच्यावर तो अलगद उभा आहे. मला राग आला. पण चित्रकलेचा शिक्षक आहे, खोटं बोलणार नाही. पुन्हा निरखून पाहिलं आणि मान्य करावं लागलं: गादी हुबेहूब माझ्यासारखी जमली आहे.